विजेपूर्वीचा थंडावा : माठ, सोरा आणि बोस्टनचा बर्फ

प्रस्तावना

अन्न व पाणी थंड राखण्याचा इतिहास लिहिताना सामान्यतः बर्फापासून आरंभ केला जातो आणि शीतकपाटापाशी शेवट केला जातो. या मांडणीत भारताच्या वाट्यास जी भूमिका येते ती ग्राहकाची. उष्ण देश, तहानलेले लोक आणि दूरदेशाहून आलेला थंडावा, असे ते चित्र असते. १८३३ मध्ये अमेरिकेतील बर्फ कलकत्त्यास पोहोचला आणि पुढील वर्षी मुंबईस आला, ही घटना बहुतेक ग्रंथांत नवलकथेसारखी सांगितली जाते. ती नवलाची आहे यात शंका नाही. तथापि बर्फ जहाजाने का आणावा लागला आणि तो प्रामुख्याने समुद्रकाठच्या शहरांतच का खपला, या प्रश्नांकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, वीजपूर्व काळातील शीतनाची भारतीय तंत्रे संख्येने थोडी नव्हती आणि गुणानेही कमी नव्हती. परंतु त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक तंत्र हवेच्या कोरडेपणावर अवलंबून होते. हा कोरडेपणा जेथे नव्हता तेथे, म्हणजे मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांत, ती तंत्रे दुबळी ठरली. बोस्टनच्या बर्फाला बाजारपेठ मिळाली ती याच पट्ट्यात. थंडाव्याच्या इतिहासास तापमानापेक्षा आर्द्रतेचा नकाशा अधिक समर्पक रीतीने लागू पडतो.

माठाचे गणित

मातीच्या सच्छिद्र भांड्यातून पाणी पाझरते, बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि त्या बाष्पीभवनास लागणारी उष्णता भांड्यातील पाण्यातून घेतली जाते, हे शालेय पुस्तकात येणारे विधान आहे. त्यातील प्रमाण मात्र क्वचितच सांगितले जाते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास नेहमीच्या उन्हाळी तापमानास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी थंड करावयाचे तर शंभर किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. म्हणजे बाहेरून येणारी उष्णता क्षणभर बाजूस ठेवली, तर जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम पाणी उडून गेले तरी पुरते. एका पेल्याच्या खर्चात घागरभर पाणी थंड होते. मानवाने शोधलेल्या शीतनाच्या साधनांत इतके काटकसरीचे साधन विरळाच असेल.

हे गणित हवेवर अवलंबून आहे. तापमापीच्या गोळ्यास ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यात धरली असता पारा ज्या अंकापर्यंत उतरतो, तो अंक ही माठाची खालची मर्यादा होय. तिच्याखाली माठ जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात तो तिच्या थोडा वरच थांबतो. विदर्भातील वैशाखाची दुपार घेऊ. हवेचे तापमान ४३ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २५ अंश येते. त्याच दिवसांत मुंबईत तापमान ३३ अंश व आर्द्रता ७० टक्के असेल, तर मर्यादा सुमारे २८ अंश येते. हवा दहा अंशांनी सौम्य असूनही मुंबईच्या माठातील पाणी नागपूरच्या माठातील पाण्याइतके थंड होऊ शकत नाही. नागपूरकराचा माठ हवेपेक्षा अठरा अंश खाली उतरण्यास मोकळा असतो, मुंबईकराचा पाच अंशही नाही. ‘उष्ण प्रदेश’ असा सरसकट शब्दप्रयोग करून इतिहास लिहिला की हा भेद नजरेआड होतो.

कुंभाराच्या कारागिरीत हे ज्ञान शब्दावाचून सामावलेले होते. मातीत घोड्याची लीद मिसळली की भाजताना ती जळून जाते व सूक्ष्म रंध्रे मागे राहतात; मिश्रण कमी झाले तर माठ पाझरत नाही, अधिक झाले तर गळतो. पाण्यातील क्षार साचून रंध्रे बुजतात, म्हणून जुन्या माठाचे पाणी पूर्वीसारखे थंड होत नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडी नवा माठ घ्यावा लागतो. बारा बलुतेदारांत कुंभाराला स्थान होते ते केवळ स्वयंपाकाच्या मडक्यांसाठी नव्हे. चैत्र-वैशाखात त्याच्या मालास जी मागणी येई ती या रंध्रांची होती. अक्षय्य तृतीयेस उदककुंभ दान करण्याचा आणि खानदेशात आखाजीस घागर भरण्याचा प्रघात याच ऋतूत येतो. त्याचा मुख्य अर्थ पितरांशी निगडित असला तरी ऋतूची निवड अर्थपूर्ण आहे.

अन्नाच्या बाबतीतही हीच युक्ती योजली जाई. दुधाचे पातेले पाणी घातलेल्या परातीत ठेवून त्यावर ओले फडके टाकणे, विड्याची पाने व पालेभाजी ओल्या कापडात गुंडाळणे, माठाखाली ओली वाळू पसरणे, लोण्याचा गोळा पाण्यात बुडवून ठेवणे, या गोष्टी घरोघरच्या स्त्रियांच्या नित्यक्रमाचा भाग होत्या. दप्तरांत त्यांची नोंद नाही. कारण ज्यासाठी पैसा मोजावा लागत नाही त्याची नोंद दप्तर सहसा ठेवत नाही. आपल्याकडील भौतिक संस्कृतीच्या अभ्यासाची ही मूलभूत अडचण आहे आणि केवळ कागदपत्रांवर विसंबणाऱ्या संशोधकाने ती ध्यानात घेतली पाहिजे.

आबदारखाना

दप्तरात नोंद झाली ती दरबारी थंडाव्याची. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आबदारखान्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. बंदुकीच्या दारूत जो सोरा आग उत्पन्न करतो तोच पाणी गार करण्यास वापरला जातो, याचे त्या इतिहासकारास कौतुक वाटले. तो कृती देतो ती अशी : शेरभर पाणी धातूच्या सुरईत घालून तिचे तोंड बंद करावे, पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा आणि त्या द्रावणात सुरई सुमारे पाव तास फिरवीत राहावे. सोऱ्याचा भाव तो रुपयास पाऊण मण ते चार मण असा सांगतो. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, ही यातील मेख आहे. शिवाय द्रावण आटवले की सोरा परत मिळतो, म्हणजे एकदा विकत घेतलेला माल पुनःपुन्हा उपयोगी पडतो.

येथे धातूची सुरई सांगितली आहे, मातीची नव्हे, हे महत्त्वाचे आहे. हवेशी या तंत्राचा संबंध नाही. उष्णता द्रावणात जाते. त्यामुळे समुद्रकाठच्या दमट हवेतही ते चालते. शीतनाच्या भारतीय तंत्रांपैकी आर्द्रतेचे बंधन नसलेले, आणि डोंगरावरच्या हिमाचीही गरज नसलेले, असे हे जवळजवळ एकमेव तंत्र होय. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंदरांतील युरोपीय घरांत मद्य व पाणी गार करण्यासाठी ‘आबदार’ नावाचा स्वतंत्र नोकर ठेवण्याची चाल पडली, ती या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. परंतु सोऱ्याने एक सुरई थंड होते, कोठार थंड होत नाही. मांस, दूध, फळे दिवसचे दिवस राखण्यास ही पद्धत निरुपयोगी होती आणि प्रत्येक सुरईमागे पाव तास कोणाचे तरी हात राबत.

अबुल फजल पुढे सांगतो की, अकबराच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षानंतर दरबार पंजाबात असताना हिम व बर्फ वापरात आले. लाहोरपासून सुमारे पंचेचाळीस कोसांवरील डोंगराळ भागातून नावांनी, गाड्यांनी व माणसांच्या डोक्यावरून बर्फ आणला जाई आणि बाजारात रुपयास दोन ते तीन शेर या दराने विकला जाई. उन्हाळ्यात सर्व थरांतील लोक बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव वर्षभर वापरतात, असे तो लिहितो. हे विधान जपून घ्यावयास हवे. रुपयास तीन शेर बर्फ हा त्या काळच्या मजुराच्या आवाक्यातील माल नव्हता. ‘सर्व थर’ म्हणजे दरबाराच्या परिघातील थर असेच समजणे योग्य. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडून खोली गार करण्याच्या युक्तीचे श्रेयही त्याने बादशहाकडे दिले आहे. राजाश्रित इतिहासलेखनाची ही रीत नवी नाही. वाळा अकबरापूर्वीही नदीकाठी उगवत होता.

मराठी राज्यव्यवहारातील कारखान्यांत शरबतखाना आढळतो, तो याच दरबारी परंपरेचा वारसा म्हणता येईल.

आकाशाकडून घेतलेला बर्फ

शीतनाच्या भारतीय तंत्रांपैकी सर्वांत विलक्षण तंत्राचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये केले. अलाहाबाद आणि कलकत्ता यांच्या दरम्यानच्या प्रदेशात, जेथे नैसर्गिक बर्फ कधी दिसत नाही तेथे, हिवाळ्यात बर्फ तयार केला जात असे. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट चौरस व दोन फूट खोल असे खड्डे खणत. त्यांच्या तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ इंच ते एक फूट जाडीची पसरत. त्यावर सव्वा इंच खोलीचे, पातळ, झिलई न दिलेले मातीचे परळ ओळीने मांडून संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, वारा पडलेला व आकाश निरभ्र असेल तर, पहाटेपर्यंत परळांत बर्फाची खपली धरे. सूर्योदयापूर्वी ती गोळा करून चौदा-पंधरा फूट खोल तळघरात टाकीत. तळघरास आतून गवताचे व त्यावर घोंगड्यांचे अस्तर असे. तेथे बर्फ कुटून एकजीव केला की तो उन्हाळ्यापर्यंत टिके.

यामागील कारणाविषयी युरोपात बराच काळ मतभेद होता. बाष्पीभवन हेच एकमेव कारण असावे असे अनेकांस वाटे. १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवासंबंधीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा प्रश्न हाताळला आणि निरभ्र रात्री पृष्ठभागाची उष्णता आकाशाकडे प्रारणाने निघून जाते, हे मुख्य कारण असल्याचे दाखविले. चिपाडांचा थर जमिनीची उष्णता वर येऊ देत नाही आणि परळातील पाणी वरच्या थंड अवकाशाकडे उष्णता टाकीत राहते. हवेत बाष्प किंवा ढग असले तर ते ही उष्णता परत फेकतात आणि बर्फ धरत नाही. कोरडेपणाची अट येथेही सुटत नाही, हे लक्षात घ्यावे. आज ज्यास ‘प्रारणीय शीतन’ म्हणून संशोधनपत्रिकांत नव्याने मान मिळत आहे, त्याचा औद्योगिक प्रमाणावरील वापर गंगेच्या खोऱ्यातील मजूर अठराव्या शतकात करीत होते.

फॅनी पार्क्स यांच्या १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात अलाहाबादच्या बर्फखड्ड्यांचे सविस्तर वर्णन आहे. या वर्णनांतून जाणवते ती मजुरीची तीव्रता. हजारो परळ सांजवेळी भरावयाचे, कडाक्याच्या थंडीत पहाटेच्या अंधारात ते रिकामे करावयाचे, आणि हे सर्व त्या रात्री आकाश स्वच्छ राहील या भरवशावर. वर्णन करणाऱ्यांची नावे आपणास ठाऊक आहेत. खड्ड्याची खोली किती, परळ किती जाड, चिपाडे किती उंच हे ज्यांनी ठरविले त्यांची नावे कोठेच नाहीत. विज्ञानाच्या इतिहासात वेल्स यांचा निबंध राहिला आणि ज्या प्रयोगाचा त्यांनी उलगडा केला तो प्रयोग ‘देशी पद्धत’ या सदरात गेला.

बोस्टनचे जहाज

कलकत्त्याजवळ हुगळीच्या परिसरात हाच उद्योग चाले. पण तेथील हवा या तंत्राच्या सीमेवरची होती. तयार होणारा बर्फ पातळ व गढूळ असे आणि तो पिण्यात घालण्यापेक्षा बाहेरून भांडे गार करण्यासच अधिक उपयोगी पडे. नेमक्या याच ठिकाणी फ्रेडरिक ट्यूडर यांचा माल उतरला. ट्यूडर हे बोस्टनचे व्यापारी. त्यांनी १८०६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर बर्फ पाठवून या व्यापारास आरंभ केला होता. १८२५ च्या सुमारास नॅथॅनियल वाइथ यांनी घोड्याने ओढावयाचा बर्फनांगर तयार केला आणि गोठलेल्या तळ्यांतून सारख्या आकाराचे चौकोनी ठोकळे कापता येऊ लागले. सारख्या ठोकळ्यांत फटी राहत नाहीत, फटी नसल्या की हवा शिरत नाही आणि बर्फ कमी वितळतो. लाकडाच्या गिरण्यांत फुकट जाणारा भुसा त्याभोवती ठासला जाई.

मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून ते सप्टेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. चार महिन्यांच्या सागरी प्रवासात निम्म्याहून अधिक माल टिकला, तो कोणत्याही यंत्रावाचून. विजेवाचून थंडावा राखण्याचे हे उदाहरण माठाइतकेच या विषयात मोडते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. कलकत्त्यातील युरोपीय समाजाने बर्फगृहासाठी वर्गणी उभारली आणि स्थानिक बर्फखड्ड्यांचा धंदा थोड्याच काळात मोडकळीस आला.

मुंबईत हा बर्फ १८३४ मध्ये आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो आणविला. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइसक्रीम दिले, यजमान व पाहुणे यांना पडसे झाले आणि वृत्तपत्राने त्याबद्दल टोमणा मारला, ही हकीकत मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत आवर्जून सांगितली जाते. १८४३ च्या सुमारास गोदीजवळ, सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी, घुमटाचे बर्फगृह उभे राहिले. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर असेच बर्फगृह १८४२ मध्ये बांधले गेले होते. बर्फासोबत अमेरिकेची सफरचंदे व लोणीही येऊ लागले. न्यू इंग्लंडचे फळ मुंबईच्या बाजारात ताजे मिळावे आणि रत्नागिरीचा पिकलेला आंबा चार दिवसांत नासावा, असा विपरीत प्रकार यातून घडला. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’मध्ये थोरो यांनी आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे रहिवासी पितील अशी कल्पना रंगविली आहे. त्यांनी घेतलेली तीनही नावे बंदरांची आहेत.

यावर असा आक्षेप घेता येईल की, जहाज बंदरातच लागणार आणि श्रीमंत गिऱ्हाईक तेथेच असणार. यात आर्द्रतेचा संबंध काय? आक्षेप बिनतोड नसला तरी विचारार्ह आहे. १८५३ पूर्वी रेल्वे नव्हती, त्यामुळे बर्फ देशावर जाण्याचा मार्गच नव्हता, हे खरे. परंतु जहाजवाहतूक हे कारण पुरवठ्याचा उलगडा करते, मागणीचा नव्हे. अलाहाबादेस थंडाव्यासाठी बोस्टनची गरज नव्हती. तेथे खड्डे होते, वाळ्याचे पडदे होते, सुरई होती. मुंबईत हिवाळ्याच्या रात्रीही तापमान सहसा दोन अंकांखाली उतरत नाही. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सियस ही नोंद झाली, तीच अपवादात्मक मानली जाते. तेथे परळात बर्फ धरणे अशक्य होते आणि माठाची झेप पाच अंशांची होती. ज्या शहराजवळ आपले असे साधन नव्हते, त्यास विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. जहाज लांबले की तेथे बर्फाचा दुष्काळ पडे.

१८७८ मध्ये कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी स्थापन झाली. वाफेच्या शक्तीवर कृत्रिम बर्फ बनू लागला आणि १८८० च्या दशकात अमेरिकन बर्फाचा भारतातील व्यापार संपुष्टात आला. अर्धशतकाचा हा व्यापार; त्याविषयी लिहिले गेले आहे ते त्याच्या वयाच्या मानाने पुष्कळ.

रंध्रे आणि विटाळ

माठाच्या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे आणि ती सोयीची नाही. ज्या गुणामुळे मातीचे भांडे पाणी थंड करते, त्याच गुणामुळे धर्मशास्त्राने ते संशयास्पद मानले. ‘मनुस्मृती’च्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे नियम येतात. धातूचे भांडे राख, आंबट पदार्थ किंवा पाण्याने शुद्ध होते; मातीचे भांडे पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय शुद्ध होत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की, विटाळलेले मडके फेकून द्यावे लागे. जे झिरपते ते विटाळही शोषून घेते, ही त्यामागील धारणा. त्यामुळे कर्मठ घरांत पिण्याचे पाणी तांब्या-पितळेच्या घागरींत भरले जाई. धातूला रंध्रे नाहीत, म्हणून ते पाणी आपोआप थंड होत नाही. घागरीभोवती ओले फडके गुंडाळून ती उणीव भरून काढावी लागे. शुद्धी आणि थंडावा यांत निवड करावयाची वेळ आली तेव्हा शुद्धीला झुकते माप मिळाले.

पाणपोईवर या धारणेचे उघड रूप दिसे. रस्त्याच्या कडेला रांजण मांडून वाटसरूंस गार पाणी देणे हे मोठे पुण्य मानले गेले; पण अस्पृश्य मानलेल्या वाटसरूच्या ओंजळीत ते वरून, अंतर राखून ओतले जाई. रांजणास त्याचा हात लागता कामा नये, कारण रांजण मातीचा होता. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. या घटना पाण्याच्या हक्काच्या आहेत, थंडाव्याच्या नव्हेत. तरीही थंडाव्याचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यास त्या टाळून पुढे जाता येणार नाही. ‘गरिबाचे शीतकपाट’ असे माठाचे गौरवाने वर्णन करण्याची अलीकडे रूढी पडली आहे. गरिबाच्या घरी माठ होता हे खरे. घराबाहेरच्या माठाला हात लावण्याची मोकळीक त्याला होती काय, हे विचारल्याशिवाय ते वर्णन अपुरे राहते.

जेथे थंड करता येत नाही

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर शीतनाची साधने दुबळी होती म्हणून तेथील अन्नव्यवहार अडून राहिला नाही. थंड करून टिकवण्याऐवजी बदलून टिकवणे ही तेथील रीत. बोंबील, सोडे, सुकट उन्हात वाळवले जात. बांगडे खारवले जात. कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरत. रातांब्याची आमसुले, आंब्याची व फणसाची पोळी होत असे. गोव्यात माडाच्या ताडीपासून केलेला शिर्का मसाल्यास लावून चोरीस व पारा तयार केले जात. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असताना या साठ्यावर घर चाले. दुधाचे दही, दह्याचे ताक, लोण्याचे तूप ही साखळी देशावरही होती. परंतु देशावर तिला ओल्या फडक्याची जोड मिळे, किनाऱ्यावर ती एकटीच लढे. किनारी स्वयंपाकातील आंबट व खारट चवींचे प्राबल्य हे केवळ रुचीचे लक्षण मानले जाते. त्यामागे हवेतील बाष्पाचा वाटा किती, याचा विचार पाकशास्त्राच्या अभ्यासकांनी करण्याजोगा आहे. मच्छीमारीचा धंदा बर्फाच्या कारखान्यांमुळे बदलला तो विसाव्या शतकात. तत्पूर्वी किनाऱ्यापासून दूर जाणारा मासा बहुधा सुकाच असे.

जुन्या तत्त्वाची नवी रूपे

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात सुशांत रॉय व डी. एस. खुर्डिया यांनी ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विकसित केला. विटांच्या दोन भिंती, त्यांमधील साडेसात सेंटिमीटर फटीत ओली वाळू आणि वरून गवताचे झाकण, इतकीच त्याची रचना. कोरड्या ऋतूत आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, त्यामुळे भाज्या व फळे अधिक दिवस ताजी राहतात. उत्तर नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून हेच तत्त्व वापरले. त्यांस २००० मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातेतील वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती यांचे ‘मिट्टीकूल’ हे मातीचे कपाट याच कुळातील. दिल्ली, उत्तर नायजेरिया, सौराष्ट्र, ही तीनही ठिकाणे दीर्घ कोरड्या ऋतूची आहेत, हे उघड आहे.

अशा साधनांचा प्रसार करताना ती कोठेही चालतील असे गृहीत धरले जाते, तेथे चूक होते. जळगाव किंवा अकोला जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये जो कक्ष उत्तम काम देतो तो सिंधुदुर्गात त्याच महिन्यात नाममात्र उपयोगी पडेल, आणि जुलैत तर जळगावातही निष्प्रभ होईल. प्रत्येक मालास ओलसर थंडावा मानवतो असेही नाही. कांदा व लसूण अशा कक्षात कोंब धरतात व सडतात. नाशिक जिल्ह्यातील कांदाचाळ उघडी, हवेशीर व जमिनीपासून उचललेली बांधतात ती याचसाठी. आणखी एक अडचण अधिक बिकट आहे. बाष्पीभवनाचे शीतन जेथे व ज्या महिन्यांत सर्वाधिक परिणामकारक ठरते, तेथे त्याच महिन्यांत विहिरी आटलेल्या असतात. माठाला पेलाभर पाणी पुरते. विटांच्या कक्षाची वाळू मात्र रोज शिंपावी लागते, आणि मराठवाड्यातील टंचाईग्रस्त गावात ते पाणी बहुधा कोणा स्त्रीने डोक्यावरून आणलेले असते. शीतकक्षाच्या नावातील ‘शून्य ऊर्जा’ या शब्दांत तिच्या श्रमाची गणना केलेली नाही.